बाहेरून आलेला रोग

नागपूरच्या तांडापेठेत जयवंता धकातेचं घर विचारलं असतं, तर सांगणाऱ्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं असतं आणि मग आवाज खाली आणून म्हटलं असतं, "ते महारोग्यायची नर्स का? त्या बोळीत." नुसतं नर्स म्हटलं असतं तरी घर सापडलं असतं. पण आपल्या लोकांना तेवढ्यानं समाधान होत नाही. माणसाच्या पाठीवर रोगासकट पाटी लावली, म्हणजेच त्यांना ओळख पुरती झाल्यासारखी वाटते.

ही जयवंता मूळची खाप्याची. बाप विणकर, आजा विणकर आणि दिली तीही विणकराच्याच घरात, नागपूरच्या चंद्रभानला. मराठी सातवी पास होती. त्या काळी कोष्ट्याच्या मुलीसाठी ही मिरवायची गोष्ट होती, पण मिरवायला सवड मिळाली नाही. लग्नानंतर मुलगा झाला, घरातच झाला, आणि दाईनं सूत कापायच्या पातीनंच त्याची नाळ कापली. पात धारेची होती, हाताशी होती, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आठवडा पुरता व्हायच्या आत पोराचा जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं आणि पोर गेलं. जयवंता त्या दिवशी रडली ती रडली. पुढे तिला मूल झालं नाही आणि रडूही आलं नाही.

स्वातंत्र्य आलं ते वर्ष. मिलच्या कापडानं हातमागाचा जीव नकोसा केला होता आणि सरकारी दवाखान्यात नर्सचं शिकायला मुली हव्या होत्या. चंद्रभान म्हणाला, जाय. सासू रुख्माबाईनं आकाशपाताळ एक केलं. परक्याचं हागणं-मुतणं काढायला घरची सून धाडायची, म्हणजे घराण्याचं नाक कापायचं, असं तिचं म्हणणं होतं. पण चंद्रभान एवढ्या एका गोष्टीत आईपुढे उभा राहिला. एवढ्या एकाच गोष्टीत, हे लक्षात ठेवायला हवं.

शिक्षण संपल्यावर शहराबाहेरच्या महारोग दवाखान्यात जागा निघाली. बरोबरीच्या सगळ्या जणींनी कानावर हात ठेवले. जयवंताला विचारलं तेव्हा ती जाईन म्हणाली. यात सेवाभाव वगैरे काही नव्हता. उगाच तिला देवी करून बसवू नये. तिला कुठेही जायला सारखंच होतं.

आणि गंमत अशी, की ती त्या कामात फार चांगली निघाली. तिला कशाची किळस येत नसे आणि कोणाचा कळवळाही येत नसे. सावनेरकडचे शेतकरी तोंडावर दुपट्टा ओढून मोटारीनं यायचे, दवाखान्याच्या फाटकाशी अर्धा अर्धा तास घुटमळायचे आणि आत आल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे धास्तीनं बघायचे. जयवंताच्या चेहऱ्यावर त्यांना काही सापडत नसे, म्हणून ते तिच्यापुढे पाय सोडून निवांत बसत. ती जखम धुवायची, मेलेली कातडी कापायची, पट्टी बांधायची. वापरलेल्या पट्ट्या उकळून वाळवल्या, की विणकरानं सुताची कांडी भरावी तशा भराभर गुंडाळून ठेवायची. प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची, की हातपाय रोज डोळ्यांनी पाहत जा. दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका. या रोगात दुखत नाही, हीच तर खरी भानगड आहे.

घरी रुख्माबाईनं तिच्यासाठी कायदा करून ठेवला होता. ड्यूटीवरून आली की मागच्या दारानं यायचं, न्हाणीत अंगावरून पाणी घ्यायचं, लुगडं बदलायचं, मगच घरात पाऊल टाकायचं. सुरुवातीला एकदा जयवंतानं समजावलं, की हा रोग असा कपड्यावरून येत नाही. वर्षानुवर्षं एका घरात, रोग्याच्या अंगासंगं राहावं लागतं, आणि लागण झाली तरी कळायला कित्येक वर्षं जातात. रुख्माबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तुमच्या डॉक्टरले म्हण, तुले त्याच्याच घरी राहू दे. त्यानंतर जयवंतानं पुन्हा समजावलं नाही. ती मुकाट्यानं मागच्या दारानं येऊ लागली आणि वर्षं गेली.

आता चंद्रभानचं सांगतो. माणूस अबोल, जरा हूड, पण बोटात कला. करवतकाठी लुगडं विणावं तर त्यानं. या लुगड्याच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी येते आणि त्यासाठी एकाच वेळी तीन धोटे खेळवावे लागतात. डोळ्यांपेक्षा बोटांनीच तो धागा ओळखायचा. हे सगळं त्याला त्याच्या नानाजी काकांनी शिकवलं होतं. लहानपणी तो नानाजींच्या मांडीवर बसूनच मागाच्या खड्ड्यात पाय सोडायचा आणि त्यांच्याजवळच झोपायचा. जयवंता लग्न होऊन आली तेव्हा नानाजी जाऊन एकदोन वर्षं झाली होती.

विणकरांच्या बोटांना घट्टे असतात. बोळीतल्या पुरुषांना त्या घट्ट्यांचा भारी अभिमान. दुपारी माग थांबले की सगळे शेगडीभोवती जमत, आणि बिडी पेटवायला चिमटा न घेता बोटांनी इंगळ उचलायचा, हा तिथला खेळ होता. कोणी हुळहुळत टाकून द्यायचा, कोणी या हातातून त्या हातात नाचवायचा. चंद्रभान मात्र डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत इंगळ धरून अख्ख्या मंडळींच्या बिड्या सावकाश पेटवून द्यायचा. लोक वाहवा करायचे. घट्टे असावेत तर असे, म्हणायचे. जयवंतानंही हे दारातून कित्येकदा पाहिलं होतं. दिवसभर ज्या बाईनं दुसऱ्यांच्या बोटांवरचे भाजल्याचे डाग शोधले, तिनं घरी येऊन नवऱ्याच्या हातातला इंगळ पाहिला आणि पदरात तोंड लपवून हसली. विणकराच्या घरात जन्मलेली होती ना. घट्टे काय असतात हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, आणि तिथंच ती फसली.

मग एका लुगड्याच्या काठावर डाग निघाला. पांढऱ्या टसरावर पिवळट-लाल, अंगठ्याएवढा. चंद्रभान म्हणाला कशाचा आहे कोण जाणे. जयवंता नुकतीच न्हाणीतून बाहेर आली होती. तिनं त्याचा डावा हात धरून उलटा केला. करंगळीला आतल्या बाजूनं भाजल्याचा फोड होता, तो फुटला होता, त्यातून लस वाहत होती, आणि त्याच बोटानं हा माणूस सकाळपासून काठ विणत होता.

"दुखत नाई का?" तिनं विचारलं.

"घट्टा हाये ना वं," तो म्हणाला.

तिनं त्याला मागच्या अंगणात उजेडाला बसवलं. सुताचा एक मऊ पुंजका घेतला आणि दवाखान्यात जसं सांगायची तसंच सांगितलं, की डोळे मिटा, लागलं की म्हणा. उजव्या हातावर पुंजका टेकवला, तो म्हणाला, लागलं. डाव्या तळव्यावर अंगठ्याच्या बाजूनं टेकवला, लागलं. करंगळीकडे सरकली, लागलं. तिला हायसं वाटलं. मग तिनं पुंजका वर धरला. कुठेच टेकवला नाही.

"लागलं," चंद्रभान म्हणाला.

तिनं पुंजका तसाच वर धरून ठेवला. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, लागलं. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. अशा लबाड्या तिनं शेकडो पाहिल्या होत्या. म्हणूनच तर मधूनच हात वर धरायची युक्ती शिकवतात. तिनं त्याच्या कोपरामागची शीर चाचपली. ती दोरीसारखी जाड लागली. तेव्हा तिला कळलं, की बोटं बधिर झाल्याचं त्याला बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं.

तिनं त्याला सरळ सांगितलं, की गोळ्या निघाल्या आहेत, आता पूर्वीसारख्या कडू कवठाच्या तेलाच्या सुया टोचाव्या लागत नाहीत, वेळेवर घेतल्या तर बोटं वाकणार नाहीत. आणखी उशीर केला तर मात्र वाकतील, आणि वाकलेल्या बोटांनी मागावर बसता येणार नाही. चंद्रभाननं सगळं ऐकलं. मग म्हणाला, रोग्यांच्या त्या लाईनीत मी बसत नाही. आईला कळलं तर ती जीव देईल. तिनं परोपरीनं सांगून पाहिलं, तो उठून मागावर जाऊन बसला. त्या दिवसापासून जयवंताला दुसरं काही सुचेना. रोज ती त्याच्या करंगळीकडे बघायची आणि करंगळी कणाकणानं आत वळत चालली आहे असं तिला दिसायचं.

शेवटी ती सासूकडे गेली. रुख्माबाई अंगणात रिठ्याच्या पाण्यानं डाग पडलेला तोच काठ चोळत होती. जयवंतानं तोंड उघडायच्या आतच म्हातारी खाली पाहत म्हणाली, "नानाजीचंबी असंच सुरू झालं होतं. करंगळीपासून."

जयवंतानं विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"दिसत तं होतं. आमी वात म्हनलो. वात म्हनलं का घर चालते."

हीच ती रुख्माबाई. सुनेला इतकी वर्षं मागच्या दारानं घेणारी, आणि रोग मात्र सून यायच्या आधीपासून पुढच्या खोलीत, मागाच्या खड्ड्यात बसलेला. माणसाला संताप यावा अशी गोष्ट होती. जयवंताला तो आला नाही. तिला फक्त ती करंगळी दिसत होती. तिनं विचारलं, त्यांना दवाखान्यात पाठवता का? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

रुख्माबाईनं बराच वेळ काठ पिळला. मग तिनं हिशेब मांडला. घरची धाकटी लेक प्रेमिला, चंद्रभानची बहीण, हिचं उमरेडला ठरलं होतं. रोग या घराच्या रक्तातला आहे असं झालं, तर ते लग्न मोडणार, आणि पुढे या घरचं एकही पोर कोणी पदरात घेणार नाही. पण रोग बाहेरून आला म्हटलं तर गोष्ट वेगळी.

"तुह्या दवाखान्यातून आला म्हनू. तू आनला, तूच बरा करजो. मंग त्याले मीच धाडतो."

लोकांना हे पटेल का, हे जयवंतानं विचारलंच नाही. लोकांना हे आधीपासूनच पटलेलं होतं, कोणी फक्त मोठ्यानं म्हणायचं बाकी होतं. ती एवढंच म्हणाली, की धाडा, पण उद्याच धाडा.

रुख्माबाई शब्दाची पक्की निघाली. संध्याकाळी चूल पेटायच्या आधी तिनं लेकाला आणि लेकीला समोर बसवून सांगितलं, की हिच्या नोकरीनं घरात मोठा रोग आणला, आता हिच्याच दवाखान्यात जाऊन बरा करून घे. चंद्रभाननं बायकोकडे पाहिलं. त्याच्या नजरेतला प्रश्न जयवंताला कळला. ती म्हणाली, हो, माझ्याकडूनच आला. त्यानं मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही, आणि तिला वाटलं, याला कळलं. नानाजींच्या मांडीवर वाढलेला माणूस, त्यांची वाकलेली बोटं धरून धोटा फेकायला शिकलेला. त्याला कोणी वेगळं सांगायची गरजच काय?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बातमी गेली. शेजारच्या यमुताईच्या आईचं गळू जयवंतानं महिनाभर धुतलं होतं. त्याच यमुताईनं तिला येताना पाहून आपली घागर उचलून दुसरीकडे ठेवली. एकीनं तोंडावर विचारलं, तेव्हा जयवंतानं तेच उत्तर दिलं, हो, माझ्याकडूनच आला. दिवसातून कितीदा तरी रोग्यांना ती उलट सांगत असे, की हा असा येत नाही, शिवल्यानं येत नाही, घाबरू नका. आणि इथं आपल्या तोंडानं ती लोकांची भीती खरी करत होती. याची मात्र तिला लाज वाटली. ती एकच गोष्ट तिला तेव्हा चांगली टोचली.

डॉक्टरांना तिनं नानाजींचं सगळं खरं सांगितलं आणि नवऱ्यासमोर बोलू नका अशी विनवणी केली. डॉक्टर चिडले, आपल्याच नर्सनं असं करावं म्हणजे कमाल झाली म्हणाले. पण माणूस दवाखान्यापर्यंत आला आहे हे पाहून गप्प बसले. एक फायदा झाला. सून सगळ्या घराला रोग देऊन बसली असेल, या धास्तीनं प्रेमिलाही तपासून घ्यायला तयार झाली आणि रुख्माबाईही. दोघींच्या अंगावर काही निघालं नाही.

जयवंताची खाट मागच्या पडवीत गेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. रोग चंद्रभानला, आणि वेगळी काढली गेली ती. प्रेमिलाचं लग्न पार पडलं, उमरेडच्या मंडळींनी काही शंका काढली नाही, कारण रोगाचं मूळ कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मांडवात तिनं येऊ नये असं कोणी म्हटलं नाही. तशी वेळच तिनं येऊ दिली नाही, त्या दिवशी ड्यूटी मागून घेतली. वाईट वाटायला हवं होतं, ती स्वतःच तसं मनाशी म्हणाली आणि थोडा वेळ थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. तिनं नेहमीसारख्या पट्ट्या गुंडाळल्या.

पण अगदीच काही नव्हतं असं नाही. आत कुठेतरी एवढं होतं, की त्याला ठाऊक आहे. सगळ्या बोळीत एक माणूस खरं काय ते जाणतो, आपण कशासाठी हो म्हटलं हे जाणतो आणि आईपुढे बोलता येत नाही म्हणून गप्प बसतो. तो रोज दुपारी पडवीत येऊन तिच्यापुढे हात धरायचा. ती तो कोमट पाण्यात भिजवायची, पुसायची, तेल लावायची, एकेक बोट सरळ ताणून लाकडी पट्टीला बांधायची. दोघं फारसं बोलत नसत. त्या न बोलण्यात तिला जवळीक वाटायची. दिवसभरात तेवढीच एक ऊब होती, आणि तिला ती पुरत होती.

वर्षं गेली. नागपूरची राजधानी गेली, मोठमोठे साहेब मुंबईला गेले, बोळीतले निम्मे माग थंड झाले. चंद्रभानची बोटं वाकली नाहीत. मेलेली शीर काही परत आली नाही, करवतकाठी गेली ती गेलीच. पण तो मागावर होता, साधे पंचे विणत होता, डोळ्यांनी पाहून धागा जोडत होता. दवाखान्यात नव्या मुलींना डॉक्टर त्याचा हात दाखवायचे, वेळेवर आलेला हात असा असतो म्हणून. त्या हाताकडे पाहिलं की आपण केलं ते बरंच केलं, असं जयवंताला वाटायचं.

अशीच एक दुपार. पुढच्या खोलीत रुख्माबाई पडली होती, आता तिला उठवत नसे, आणि तिचंही सगळं जयवंताच करायची. चंद्रभान पडवीत येऊन बसला होता. त्याचा हात जयवंताच्या हातात होता आणि ती त्याची करंगळी दाबून सरळ करत होती.

"जयवंता, एक बोलू का?" तो म्हणाला. "लय दिवसाचं मनात हाये."

बोला ना, ती म्हणाली.

"पहिले लय राग होता मले तुह्यावर. वाटे, हिनं माह्यी करवतकाठी नेली. तोंडानं बोललो नाई कदी, पन होता." त्यानं करंगळीकडे पाहिलं. "आता नाई. तू काई जानून तं आनला नसन. मी तुले माफ केलं वं."

तिनं वर पाहिलं. थट्टा असेल असं तिला क्षणभर वाटलं, पण तो थट्टा करत नव्हता. फार दिवस जवळ ठेवलेली मोठी वस्तू आज मनावर दगड ठेवून देऊन टाकली, असा त्याचा चेहरा होता. डोळ्यांत पाणीही होतं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. इतक्या सगळ्या दुपारी तो तिच्यापुढे हात धरून बसला, आणि प्रत्येक दुपारी मनातल्या मनात तिला दोष देत बसला होता.

नानाजी, एवढा एक शब्द उच्चारला असता तरी पुरलं असतं. पुढच्या खोलीत साक्षीदार अजून जिवंत होती. प्रेमिलाला आता दोन मुलं होती, तिचं काही बिघडायचं नव्हतं. जयवंतानं तो शब्द शोधला, तोही सापडला. तो बाहेर काढायला जो राग लागतो तो मात्र कुठे सापडेना. सासूच्या वेळी सापडला नव्हता, विहिरीवर सापडला नव्हता, आता कुठून सापडणार? तिला रिकामं रिकामं वाटलं, बस तेवढंच.

तो वाट पाहत होता. ती रडेल, निदान पदर डोळ्यांना लावेल, असं त्याला वाटलं असावं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "काई म्हनत नाई?"

"बरं झालं," ती म्हणाली.

मग तिनं चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं, त्यात थोडं थंड घातलं, आणि त्याला भाजलं तरी कळत नाही म्हणून आधी आपला हात बुडवून पाहिला. पाणी बेताचं होतं. तिनं त्याचा हात धरून आत ठेवला.